फुशारकीचा आठवा भाग

४ नोव्हेंबर २०२५
ता. जिंतूर, जि. परभणी

महारुद्र,

आशीर्वाद लिहावा की लिहू नये, यावर पेन हातात धरून बराच वेळ बसलो. शेवटी वरची जागा कोरी ठेवली आहे. तुझं उत्तर कसं येतं ते बघून पुढच्या वेळी भरीन.

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि लिहिणारही नव्हतो. राजेश्रीच्या लग्नात मी माईकवर पाहुण्यांचं स्वागत करत होतो. आपल्याकडे कोण कुठून आलं ते नावानिशी सांगावं लागतं, नाहीतर पाहुणे रुसतात. मी मधूनमधून दोन-चार वाक्यं इंग्रजीत बोललो, एवढाच माझा गुन्हा. तू वर चढलास, माझ्या हातातला माईक काढून घेतलास आणि "काका, राहू द्या, लोक हसायलेत" असं त्याच माईकवर म्हणालास. सहाशे माणसांनी ऐकलं. माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या सख्ख्या पुतण्यानं. अक्षता पडायच्या होत्या म्हणून मी गिळून घेतलं. पण आता तू हद्द केलीस.

परवा सिद्धोधनच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेलो. सिद्धोधन तुझ्याच वर्गातला. त्यानं मशीन चालू करता करता विचारलं, "गुरुजी, महारुद्रचं रील बघितलं का? लय चालायलंय." मला वाटलं, पोरगं पुण्यात इंग्रजीचे क्लास घेतं, काही चांगलं सांगत असेल. त्यानं मोबाईल पुढं धरला. बघतो तर काय, तपकिरी मफलर, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं, आणि दर वाक्यामागं "यू सी, यू सी". दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिघांनीही आधी मोबाईलकडं बघितलं, मग माझ्या मफलरकडं बघितलं.

"फुशारकीचं इंग्रजी" म्हणे! एक ना दोन, सात भाग! स्वतःचीच टिमकी वाजवणाऱ्याला इंग्रज लोक "ब्लोइंग युवर ओन ट्रम्पेट" म्हणतात, हे सांगायला गाल फुगवून माझी नक्कल करायची काय गरज होती? "ऑल हॅट अँड नो कॅटल" म्हणजे डोक्यावर हॅट मोठी आणि गोठ्यात जनावर नाही. इथंही टोपी माझीच. अरे, माझ्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक वगार आहे. येऊन मोजून जा. "नेम ड्रॉपिंग" म्हणजे मोठ्यांची नावं सहज बोलण्यात पेरायची, तर तिथं शिक्षणाधिकाऱ्यांचा किस्सा. ते माझ्या घरी चहाला आले होते की नव्हते? चहा तुझ्याच आईनं केला होता, तिला विचार.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण पाचवा भाग सोडणार नाही. त्यात तू म्हणतोस, "आमचे एक गुरुजी होते. सांगायचे की लंडनच्या मार्थाबाईला चारठाण्याची देवळं दाखवली आणि ती म्हणाली, गुरुजी, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे." मग कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारतोस. चार लाख लोकांनी तो डोळा बघितला.

मार्थाबाई आल्या होत्या की नाही? २००३च्या जानेवारीत, तीन दिवस. देवळाचे खांब कागदावर काढायला आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी शिक्षक म्हणून मला पाठवलं होतं. पुढं त्यांचं पत्र आलं, लंडनचा शिक्का असलेलं. ते मी सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवलं. तू चौथीत होतास, पहिल्या रांगेत बसला होतास आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तूच वाजवल्या होत्यास. पत्र अजून माझ्या पेटीत आहे. मी थापा मारणारा माणूस नाही.

आठ दिवसांत तो पाचवा भाग काढून टाक. फोन करू नको. फोनवर तू मधेच बोलतोस, पत्रात तुला तसं करता येत नाही.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती ठीक आहे, रोज कापूस वेचायला जाते.

एम. एस. ठोंबरे, बी.ए., बी.एड.
सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक


१४ नोव्हेंबर २०२५

महारुद्र,

उत्तर मिळालं. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या चुलत्याच्या दोन पानी पत्राला तू सिद्धोधनच्या मोबाईलवर एक ओळ पाठवलीस. "काकांना सांग, हलकंफुलकं आहे, नाव कुठं घेतलंय?"

नाव घेतलं नाहीस! मफलर घेतलास, टोपी घेतलीस, माझी पेनं घेतलीस, माझ्या तोंडातला शब्द घेतलास. नावच तेवढं ठेवलंस, ते तरी कशाला? उपकार केलेस मोठे.

तुला पुण्यात बसून काय कळणार इथं काय चाललंय ते. किराणा दुकानासमोरून गेलो की आतून कोणीतरी "यू सी" म्हणतं. बस स्टँडवर परवा तात्याराव, माझ्याएवढ्या वयाचा माणूस, शाळेत कधी पाचवीच्या पुढं गेला नाही, तो मला म्हणतो, "काय गुरुजी, ट्रम्पेट बरं वाजायलंय का?" मी मफलर घालायचा सोडून दिला. थंडी पडायला लागली आहे, घसा धरला आहे, आणि याचं कारण तू आहेस.

आता तू म्हणशील, काका, पण ती गोष्ट तुम्ही दरवर्षी का सांगायचात? सांगतो. आपल्याकडची पोरं इंग्रजीचा तास आला की मान खाली घालायची. मग मी ती गोष्ट सांगायचो. आपल्या शेजारच्या चारठाण्यात, आपल्यासारख्या धोतर-टोपीतल्या माणसांत, एक इंग्रज बाई येते आणि आपल्याच मास्तरला नावाजून जाते, हे ऐकलं की पोरांच्या माना वर व्हायच्या. तुझी झाली नव्हती? एका गोष्टीवर मी चौतीस वर्षांतली निम्मी वर्षं पोरं शिकवली. त्यातून तू तयार झालास आणि आज त्याच गोष्टीवर पोट भरतोस. वर माझीच टिंगल करतोस. लाज कशी वाटत नाही?

पहिल्या दिवशी मी थोडा अडखळलो असेन, ते कबूल करतो. त्या बाई नाकात बोलायच्या आणि भरभर बोलायच्या. पुढं सवय झाली. तुझी आई तेव्हा त्याच शिवारात कामाला होती, दुपारी मला भाकरी घेऊन यायची. पाहिजे तर तिला विचार. नको, तिला विचारू नको. तिला इंग्रजीतलं काय कळणार?

काल अंगणात तिनं मला विचारलं, "भावजी, गळ्याला फडकं कामून बांधंना गेलात? खोकायलाव की." तुझी काकू राजेश्रीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्यापासून माझा चहा तुझ्या आईच्याच चुलीवर होतो. मी सांगितलं, मफलर धुवायला टाकला आहे. तुझ्यापायी मला घरात खोटं बोलावं लागतं.

रील अजून तिथंच आहे. सिद्धोधन म्हणाला, आता सहा लाख झाले.

एम. एस. ठोंबरे


२५ नोव्हेंबर २०२५

महारुद्र,

सोबत फोटो आहे. नीट बघ, पाहिजे तर मोठा करून बघ.

बस स्टँडवरचा फ्लेक्स आहे, दहा बाय आठचा. "इंग्रजीचे गाढे अभ्यासक, सातासमुद्रापार ज्यांची कीर्ती, आदरणीय माणिकराव गुरुजी यांचे हार्दिक अभिनंदन". खाली डाव्या कोपऱ्यात सरपंच किशनराव आणि मित्रमंडळाचे चोवीस फोटो. मफलर घातलेला माझा फोटो त्यांनी नेमका कुठून मिळवला ते विचारू नको. तो तुझ्या रीलमधला नाही, माझा स्वतःचा आहे, इतकं सांगतो.

झालं असं. लंडनकडची एक बाई २ डिसेंबरला चारठाण्याची देवळं बघायला येते आहे. तालुक्याहून किशनरावांना फोन आला की इंग्रजी बोलणारा माणूस द्या. किशनरावांना दुसरं नाव सुचलंच नाही. "गुरुजी, आख्ख्या महाराष्ट्रानं तुमचं बघितलंय, आता तुमीच," असं ते चारचौघांत म्हणाले. तुझ्या कुचेष्टेचा त्यांनी मान केला. गावातल्या अडाण्यांना जे कळतं ते पुण्यातल्या शिकलेल्यांना कळत नाही.

आता बघच. तात्यारावानं परवा मला स्वतः होऊन चहा पाजला. मी मफलर पुन्हा घालायला लागलो आहे. त्या दिवशी सिद्धोधनला सगळं शूटिंग करायला सांगितलं आहे. ते तुला पाठवीन आणि मग तू सहा लाख लोकांपुढं काय तोंड दाखवतोस ते बघू. याला इंग्रजीत काय म्हणतात? "पॅटिंग युवरसेल्फ ऑन द बॅक", स्वतःची पाठ स्वतःच थोपटणं, तुझा भाग सहावा. थोपटतो, जा. तू थोपटली नाहीस म्हणून थोपटतो.

रोज सकाळी गोठ्यात उभा राहून सराव करतो. "वेलकम मॅडम. धिस इज अ व्हेरी एन्शंट टेंपल." म्हशी शांतपणे ऐकून घेतात.

एकच कटकट झाली आहे. तुझी आई म्हणते, "म्या बी येते. त्या मागल्या बाईनं मला लय जीव लावला व्हता. तिची काही खबर लागती का बघते." मी म्हणालो, वहिनी, ही बाई वेगळी आहे, लंडन म्हणजे काय आपलं पोखर्णी गाव आहे का, सगळे सगळ्यांना ओळखायला? आणि त्या दिवशी कापसाची वेचणी आहे. तर म्हणते, "कापूस कुटं पळून चाललाय?" तिला तिथं काय काम आहे, तूच सांग. तू फोन करून तिला समजाव. माझं ती ऐकत नाही.

एम. एस. ठोंबरे, बी.ए., बी.एड.


३ डिसेंबर २०२५

महारुद्र,

हे पत्र टपालात टाकलं तर वेळेवर पोचणार नाही. म्हणून सिद्धोधनला पानांचे फोटो काढून तुला पाठवायला सांगणार आहे. तो वाचेल. वाचू दे. त्यातलं निम्मं त्याला आधीच माहीत आहे.

काल ती बाई आली. नोरा तिचं नाव, तिशीतली असेल. किशनराव शाल, नारळ आणि फेटा घेऊन हजर, मागं पन्नास-साठ माणसं. तुझी आई स्टीलच्या डब्यात धपाटे घेऊन खांबाजवळ उभी होती. मी पुढं झालो, "वेलकम मॅडम" म्हणालो. तिथपर्यंत गोठ्यात केलेलं सगळं पाठ होतं.

त्या पोरीनं हात जोडले आणि हळूहळू, मला कळावं अशा बेतानं बोलली. म्हणाली, मी मार्थाची विद्यार्थिनी. मार्था दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत वर्गात एका बाईचं नाव घ्यायच्या. धुरपताबाई. मी देवळं बघायला आले आहे, पण त्याआधी मला धुरपताबाईंना भेटायचं आहे. त्या आहेत का?

मला सगळं कळलं, महारुद्र. एक शब्दही सुटला नाही. तुझी आई माझ्यापासून चार हातांवर डबा धरून उभी होती.

मी म्हणालो, "सॉरी मॅडम. धुरपताबाई इज नो मोर. शी एक्स्पायर्ड."

आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी कुठंही अडलं नाही.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं छातीवर हात ठेवला. किशनराव फोनवर जेवणाचं बघत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. तुझ्या आईनं विचारलं, "काय झालं ओ भावजी? तोंड कामून पडलं तिचं?" मी म्हणालो, प्रवासाचा शीण आलाय. मग तुझ्या आईनं डब्यातला एक धपाटा काढून तिच्या हातावर ठेवला. ज्या बाईसाठी नोरा डोळ्यांत पाणी आणून उभी होती, त्या बाईच्या हातचा धपाटा तिनं खाल्ला आणि मला विचारलं, ह्या कोण? मी म्हणालो, "व्हिलेज लेडी."

सिद्धोधन मोबाईल धरून शूटिंग करत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल खाली केला. दहावीपर्यंत इंग्रजी मीच शिकवलं आहे त्याला.

मग नोरानं एक गोष्ट केली. ती दारातल्या खांबापाशी गेली, डोळे मिटले आणि दगडावर तळहात फिरवत राहिली. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, कमरेच्या जरा वर, एका जागी तिचा हात थांबला. तिथंच ती बराच वेळ उभी राहिली. तुझी आई ते बघत होती. मी तुझ्या आईकडं बघायचं टाळत होतो.

घरी अंगणात आल्यावर तुझ्या आईनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, तिनं माझं नाव तीनदा घेतलं. दगडाचं नाव धुरपता हाय का?"

मी म्हणालो, काहीतरीच, तुम्हाला तसं वाटलं असेल.

"वाटलं व्हय? अन् डोळे मिटून खांबाला हात लावायचं तिला कुनी शिकवलं? ती जागा मागल्या बाईला म्या दावली व्हती. तिसरं मानूस न्हवतं तिथं. तुमी दूर निंबाखाली बसले व्हतात."

हे खरं आहे. मी निंबाखाली बसलो होतो. आता सांगतो, तू नीट ऐक.

२००३ साली मार्थाबाई पहिलं वाक्य बोलल्या आणि माझी जीभ टाळूला चिकटली. बी.ए.ला इंग्रजी होतं माझं, पण आयुष्यात इंग्रजी बोलणारं माणूस समोर आलं नव्हतं. त्या जे विचारतील त्याला मी "यस मॅडम" म्हणत होतो. त्यांनी विचारलं, इथं बसू का, साप वगैरे आहे का? मी म्हणालो, यस मॅडम. बाई टुणकन उडाल्या. दुपारी तुझी आई भाकरी घेऊन आली, तिनं हा तमाशा बघितला, बाईंचा हात धरला आणि खांबावरच्या कोरीव बाईकडं बोट करून मोठ्यानं मराठीत बोलायला लागली. "ही बघ बाई, ही रुसलीया. हिचा नवरा तिकडच्या खांबावर हाय." बाई हसत सुटल्या. पुढं तिन्ही दिवस त्या दोघीच होत्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघींना माझी गरज लागली नाही. मी निंबाखाली बसून भाकरी खाल्ली.

मग पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर आलं, कारण आपल्या गावातला दुसरा पत्ता त्यांच्याकडं नव्हता. पाकिटावर नाव होतं धुरपताबाईंचं.

काल संध्याकाळी मी पेटी उघडली, ते पत्र काढलं आणि तुझ्या आईसमोर बसून पहिल्यांदा जसं आहे तसं, मराठी करत वाचलं. मार्थाबाई लिहितात, "प्रिय धुरपताबाई, हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवील अशी आशा आहे. मी तो खांब दोन दिवस मोजत होते. तुम्ही माझे डोळे मिटवलेत आणि माझा हात त्या जागेवर नेऊन ठेवलात, जिथं उंबरा ओलांडताना तोल सांभाळायला बायका हात टेकवतात. शेकडो वर्षांच्या हातांनी दगड तिथं लोण्यासारखा झाला आहे. हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना आधी डोळे मिटायला लावते. तुम्ही माझ्या शिक्षिका आहात." आणि शेवटी, "तुमच्याबरोबरच्या मास्तरांनाही धन्यवाद सांगा. ते फार सभ्य होते आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले."

हे शेवटचं वाक्य मी शाळेत इंग्रजीतून वाचताना गाळलं होतं. आणि "धुरपताबाई"च्या जागी प्रत्येक वेळी माझं नाव घातलं होतं. तुझी आई तेव्हा शाळेची खिचडी शिजवायची, ती पटांगणाच्या कडेला चुलीपाशी उभी होती. पत्र संपल्यावर तिनंही टाळ्या वाजवल्या, तिला तिच्या दिराचं कौतुक वाटलं.

काल वाचून झाल्यावर ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज जायला लागला, तर म्हणाली, "रडू नगा. नीट वाचा, मला ऐकू यायंना गेलंय."

मग विचारलं, "अन् आज ती पोरगी काय म्हनली?"

मी तेही सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. तिनं पत्राची घडी केली आणि म्हणाली, "ते पत्र बावीस वर्सं तुमच्या पेटीत. तुमाला वाचता येतंय म्हनून ते तुमचं झालं का? माझा मालक गेला त्या साली म्या किती दिस भिताडाकडं तोंड करून बसले व्हते, तुमी बघितलं न्हवतं का? तवा तरी वाचून दावायचं. कुनीतरी मला काय म्हनतंय, तेवढं तरी कळलं असतं."

महारुद्र, तुझ्या वडिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली. माझी पेटी तिच्या खोलीपासून अंगणाएवढ्या अंतरावर आहे.

पत्र तिनं नेलं. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं आहे. सकाळी माझा चहा आला नाही.

आधी काल रात्री मी सिद्धोधनकडं गेलो होतो, हेही लिहितो, लपवत नाही. त्याला म्हणालो, ते शूटिंग पुसून टाक. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी सांगितलं तर पुसतो. पन मला सांगू नगा." आज सकाळी पुन्हा गेलो आणि म्हणालो, पुसू नको, जसंच्या तसं महारुद्रला पाठव. ते या पत्राबरोबर येईल. "शी एक्स्पायर्ड" नीट ऐकू येतं. तुझी आई मागं डबा धरून उभी दिसते.

तिथूनच नोराला फोन लावला. कार्ड दिलं होतं तिनं. मी म्हणालो, "मॅडम, धुरपताबाई इज अलाइव्ह. आय टोल्ड अ लाय. द लेडी हू गेव्ह यू फूड, दॅट लेडी." मग ती म्हणाली, "व्हाय?" मी नुसतं "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत राहिलो. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं वाटलं असतं. रविवारी सकाळी दहाला परत येते म्हणाली, फक्त तुझ्या आईला भेटायला.

तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, "येऊ द्या. पन ह्या खेपेला मधी तुमी बसायचं न्हाई. मपल्या लेकाला बोलवा." म्हणून हे पत्र. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघ. रविवारी दोघींच्या मधे तू बस. ती जे बोलेल ते जसंच्या तसं आईला सांग, आई जे बोलेल ते जसंच्या तसं तिला सांग, एक शब्द गाळू नको. मी निंबाखाली बसेन. कोणी बोलावलं तर येईन.

फ्लेक्स आज मी स्वतः शिडी लावून काढला. किशनराव म्हणाले, "गुरुजी, काय झालं?" म्हणालो, फोटो दुसऱ्याचा पाहिजे होता. त्यांना कळलं नाही, पण रविवारी कळेल, सगळ्या गावाला कळेल. तात्यारावालाही.

आणि एक काम. पाचवा भाग काढू नको, राहू दे तिथंच. मी ज्याच्यावर रागावलो होतो, त्यात तू खोटं बोलला नव्हतास, अर्धंच बोलला होतास. आता आठवा भाग कर. दुसऱ्याला मिळालेली शाबासकी उचलून स्वतःच्या अंगावर घालणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला येत नाही, तू शोध. त्यात मफलर घाल, टोपी घाल, दोन्ही पेनं लाव. आईचं नाव आधी घे आणि मग माझं घे. या वेळी "एक गुरुजी होते" म्हणू नको.

वरची जागा याही पत्रात कोरीच आहे. आशीर्वाद तुझ्या आईकडून घे, माझ्याकडं आता तो देण्यासारखा नाही.

माणिकराव सटवाजी ठोंबरे